गुरगुऱ्या कोणता ते सांग

"माझ्या माशानं?"

प्रेस्कोला स्टॉरनं हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिच्या हाताखाली अर्धा चिरलेला कांदा होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कांदा तिथंच होता, सुरी मात्र हवेत होती. तिसऱ्यांदा ती अंगणात होती आणि विचारणं संपून ओरडणं सुरू झालं होतं. रस्त्यापलीकडे बाप्टिस्ट चर्चच्या पायऱ्या झाडणारी बाई झाडू टेकवून ऐकत उभी राहिली.

"माझ्या माशानं कॅप्टन गार्नेटला विष चढलं?"

"मी नाही म्हणत, आई. तो म्हणतोय," लॅव्हर्न म्हणाली. लॅव्हर्न तिची मुलगी. बातमी तिनंच आणली होती आणि आता कुठून आणली असं तिला झालं होतं. "नर्स डार्व्हिलनं विचारलं, काय खाल्लं होतंत? तर म्हणाला, मिस प्रेस्कोलानं पाठवलेले मासे. बाकी काही नाही."

"कसा आहे तो?"

"गार पाणी लावलं की भाजतंय म्हणतो. दात सगळे हलतायत असं वाटतंय. अंगभर खाज. ओठाला झिणझिण्या. नर्स म्हणाली, मासाच बाधलाय, दुसरं काही नाही. आता कितीतरी महिने मासा तोंडात घालायचा नाही, कुठलाच. चांगला मासासुद्धा पुन्हा सगळं उठवतो म्हणे."

"आणि हे तो म्हणाला तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

लॅव्हर्न चपलेचा पट्टा नीट करू लागली. म्हणजे सगळे होते.

"माझ्या माशानं!" प्रेस्कोला चौथ्यांदा म्हणाली. या वेळी तो प्रश्न नव्हता.

*आधी मासा*

थॅच पॉइंट या बेटावरच्या गावाच्या धक्क्यावर मोठा मासा लागत नाही. मोठा मासा होडीवाल्यांचा, बाहेरच्या निळ्या पाण्यातला. धक्क्याच्या खांबांशी, दगडांच्या फटींत, प्रवाळाच्या कपारीत राहतात ते सगळे तळहाताएवढे. काळ्या पट्ट्यांचे. मोठ्या डोळ्यांचे लालबुंद काटेरी. माणसासारखे पुढचे दात असलेले पोर्गी. तोंडाची नळी बाहेर काढून वाळू उकरणारे शॅड. आणि गुरगुऱ्ये.

गुरगुऱ्या पाण्याबाहेर आला की बोलतो. घशातले दात एकमेकांवर घासतो आणि म्हाताऱ्या नवऱ्यानं झोपेत दात खावेत तसा आवाज काढतो. थॅच पॉइंटमधलं प्रत्येक माणूस याच माशावर वाढलंय. सकाळी लिंबू, कांदा, बटाटा आणि झणझणीत गोट मिरची घालून उकडायचा, शेजारी मक्याच्या शिजवलेल्या कण्या, नाहीतर जॉनीकेकचा जाडसर पाव. आजारी माणसाला तोच, बाळंतिणीला तोच, दारू उतरत नसेल तर त्यालाही तोच.

विष असतं मोठ्यात. खडकातला बारीक मासा शेवाळ खातो, त्याला मधला खातो, मधल्याला लांबलचक, दातेरी बराकुडा खातो आणि सगळ्यांचं थोडं थोडं विष बराकुडाच्या अंगात साठत जातं. हे इथं शिकवावं लागत नाही. तळहाताएवढ्या माशानं कुणी मेल्याचं, कुणाला नुसती खाज सुटल्याचंही, या गावात कुणी ऐकलेलं नाही.

मग लोकांनी विश्वास ठेवलाच कसा?

*थांबा, डोळ्यांचं राहिलं*

प्रेस्कोलाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. राजधानीत, नसाऊच्या डॉक्टरकडे नंबर लागायचाय. तोवर तिला जग दुधातून बघितल्यासारखं दिसतं: माणूस दिसतो, चेहरा नाही, मासा दिसतो, रंग नाही. तरी ती रोज दुपारी धक्क्याच्या टोकाशी बसते. हातदोरी, शिशाचा तुकडा, गळाला शंखाच्या मांसाची चिंधी. मासा वर आला की मुठीत धरायचा. अंगठा पाठीवरून फिरवायचा, मग तोंडावरून. मग कानाशी न्यायचा. गुरगुरला की बादलीत.

तिनं आजवर मासा विकला नाही. घरापुरता ठेवायचा आणि उरलेला वाटायचा. ज्याचं कुणी नाही त्याला, जो अंथरुणाला खिळलाय त्याला, ज्याची बायको रुसून माहेरी गेलीय त्याला. दुपार कलली की धक्क्यावर माणसं पातेली घेऊन येतात आणि म्हणतात, "आज काय म्हणतायत तुझे गुरगुऱ्ये?" एवढंच तिचं या गावातलं वजन. नवऱ्याची होडी गेली, नवरा गेला, चर्चच्या गायकवृंदातला आवाज गेला. हे उरलं होतं. हे गेलं की ती फक्त लॅव्हर्ननं हात धरून रस्ता ओलांडवायची एक म्हातारी.

आणि आता गाव म्हणत होतं: गुरगुऱ्या समजून हिनं बराकुडाचं पिल्लू दिलं असणार. दिसत नाही ना. बिचारी.

बराकुडाचं पिल्लू! बराकुडाचं पिल्लू म्हणजे पेन्सिल. गुरगुऱ्या म्हणजे तळहात. पेन्सिल आणि तळहात यांतला फरक कळायला डोळे लागतात? जन्मांध माणसाला कळेल. झोपेतल्या माणसाला कळेल. आणि घटकाभर धरलं की दिलं पिल्लू, तरी पिल्लात विष कुठून आलं? त्यानं कुणाला खाल्लं अजून? हे सगळं प्रेस्कोला दुकानात बोलली, पाणवठ्यावर बोलली, चर्चच्या पायऱ्यांवर त्या झाडूवालीला धरून बोलली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांनी मान हलवली. आणि सगळे, अगदी मायेनं, म्हणाले, "जाऊ दे गं. होतं असं. वय झालं."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते समजू शकतं. पण फाशी देताना संन्याशाची पाठ थोपटायची?

*परीक्षा*

कल्पना एनॉसची. एनॉस तिच्या शेजारी बसून गेली कित्येक वर्षं गळ टाकतो आणि तिच्यापेक्षा कमी मासे धरतो. तोंडात दात चार, पण हसताना चारही दाखवतो.

"भांडण कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मासे ठेवू हातात. ओळख. ओळखलेस तर कॅप्टन खोटा."

"परीक्षा? माझी?" प्रेस्कोला म्हणाली. "एनॉस, तुझी बायको गेली तेव्हा वर्षभर तुला मासा कुणी घातला?"

"तू."

"तेव्हा घेतली होतीस परीक्षा?"

"तेव्हा भूक लागली होती."

धक्क्यावरचे सगळे हसले. बरीच माणसं जमली होती; अशा गोष्टीला जमतातच. लॅव्हर्नही आली होती, हाताची घडी घालून मागे उभी होती. प्रेस्कोलाचा तळपायापासून मस्तकापर्यंत भडका उडाला होता. ती उठून घरी जाणार होती. पण घरी गेली असती तर तेही उत्तरच झालं असतं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि डोळ्यांवर बांधला, करकचून.

"निम्मं दिसतं तेही नको," ती म्हणाली. "आणा."

पहिला मासा हातात पडला. तिनं "आई गं" म्हटलं आणि लगेच, "लाल काटेरी. हा मुद्दाम दिला. कुणी दिला त्याचं नाव नंतर घेते."

दुसरा चपटा, ओलसर, पण हलत नव्हता. तिनं अंगठ्यानं तोंड उघडलं, दातांवरून बोट फिरवलं, मग डोळ्यावर दाबून पाहिलं.

"पोर्गी. पण हा आजचा नाही. याचे डोळे आत गेलेत. एनॉस, हा तुझ्या बर्फाच्या पेटीतला. हा तू परवाच खायला हवा होतास."

"आता याचे डोळे गेलेत की तुझे, तेवढं सांग!" एनॉस ओरडला आणि हसण्याची लाट उठली. पण ती तिच्या बाजूची लाट होती. तिला ते कळलं. तिसरा शॅड, त्यानं तिच्या बोटावर तोंडाची नळी बाहेर काढली. चौथा पट्टेवाला. माणसं आता नावं मोठ्यानं म्हणू लागली होती, तिच्या पाठोपाठ, चर्चमधल्यासारखी.

पाचवा मासा हातात आला आणि तिनं तो कानाशी नेण्याआधीच गुरगुरला.

"हा तर स्वतःच बोलला!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

"गुरगुऱ्या," प्रेस्कोला म्हणाली आणि रुमालाच्या गाठीला हात घातला.

"कोणता?"

मागून आलेला तो आवाज लॅव्हर्नचा होता.

"कोणता म्हणजे?"

"कोणता गुरगुऱ्या, आई? पिवळा, निळ्या रेघांचा की पांढरा?"

प्रेस्कोलाचा हात गाठीवरच राहिला. तिन्ही सारखेच गुरगुरतात. आकार तोच, पाठीचे काटे तेच, तोंड आतून तेच तांबडं. फरक रंगाचा. एकाच पातेल्यात शिजतात, एकाच काट्यानं घसा धरतात. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कुणी कुणालाच विचारलं नव्हतं.

"पिवळा," ती म्हणाली.

मागे कुणीतरी उगाच खोकलं. त्या खोकण्यावरूनच तिला कळलं.

"शेपूट काळं आहे, आई," लॅव्हर्न हळूच म्हणाली. "निळ्या रेघांचा आहे."

"दोन्ही खायचे!" प्रेस्कोलानं रुमाल ओढून काढला. "दोन्ही खायचेच आहेत! निळ्याला विष आहे का? कुणी मेलंय निळ्यानं? अरे, तुम्ही सगळे निळ्यावरच पोसलेले आहात!"

"ते खरं," एक बाई म्हणाली. "पण चुकलात ना, मावशी."

"बिचारी," दुसरी म्हणाली.

त्या दुपारी कुणीही पातेलं पुढे केलं नाही. बादली भरलेली होती. प्रेस्कोलानं एकेक मासा उचलून पाण्यात टाकला आणि खांबांवरचे पेलिकन खाली झेपावले. त्यांच्यातल्या कुणी कोणता म्हणून विचारलं नाही.

घरी जाताना लॅव्हर्न म्हणाली, "मला तुला धक्क्यावर एकटीला सोडायची भीती वाटते. म्हणून विचारलं. उद्या पाय घसरला तर?"

"मग पायाची परीक्षा घ्यायची होतीस," प्रेस्कोला म्हणाली. आणि रात्रीचं जेवण तिनं मुलीकडे पाठ करून केलं.

*पातेलं*

माणसाचा राग मोठ्या गोष्टीवर फार काळ टिकत नाही, त्याला धरायला काहीतरी लहान लागतं. प्रेस्कोलाला दोन दिवसांनी आठवलं की तिचं पातेलं अजून कॅप्टनकडे आहे. निळं, एनॅमलचं, काठाला टवका उडालेलं. शुक्रवारी त्यातच तिनं मासे पाठवले होते. माझ्या माशानं विष चढतं तर माझं पातेलं कशाला ठेवलंस घरात?

कॅप्टन गार्नेट मॉक्सी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. तीस वर्षं नसाऊहून टपालबोट आणली त्यानं. तीस वर्षांपूर्वी एकदा सगळ्या खलाशांसकट बराकुडा खाऊन आडवा झाला होता, आणि बरा झाल्यावर चर्चमध्ये, बायबलवर हात ठेवून, साऱ्या गावासमोर शपथ घेतली होती की आता मरेपर्यंत बराकुडाला शिवणार नाही. नुसती घेतली नाही, मिरवली. दुसऱ्यांच्या होडीत बराकुडा दिसला तर ओढून पाण्यात फेकायचा. "बराकुडा खाणारा माणूस आणि बोट खडकावर घालणारा कप्तान, दोघं एकाच आईची लेकरं," हे त्याचं वाक्य. थॅच पॉइंटमध्ये हे वाक्य पोरांनाही पाठ आहे.

तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, पाय उघडे, हातात पंखा.

"माझं पातेलं," प्रेस्कोला पायरीवर न चढताच म्हणाली.

"पातेलं?" कॅप्टन म्हणाला. मग घाईघाईनं, "देतो पाठवून. बरा झालो की पाठवतो. तू जा."

"कुठंय?"

"मागे असेल कुठंतरी. प्रेस्कोला, तू नको जाऊ, मागे सगळं अस्ताव्यस्त..."

पण ती निघाली होती. अंगणात, चिंचेच्या झाडाखाली, काहीतरी निळं जमिनीवर होतं, हे तिला दुधातूनही दिसलं. पातेलं पालथं घातलेलं होतं. वर दगड. एका बाजूनं काठाखाली खडा सरकवून फट ठेवलेली. आणि वास.

तिनं दगड ढकलला, पातेलं उचललं. खाली काहीतरी लांबट होतं आणि ते काळं होतं, आणि त्याचा काळा रंग हलत होता. मुंग्या. तिनं त्यांची पर्वा न करता हात घातला. अंगठा डोक्यावरून पुढे नेला: लांब, चपटं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा. मग दात. गुरगुऱ्याचे दात बोटाला खरखरतात, पोर्गीचे टेकतात. हे आत शिरले.

अंगठ्यातून रक्त आलं. याला कानाशी न्यायची गरज नव्हती.

थॅच पॉइंटमध्ये बराकुडाची खात्री करायची एक जुनी रीत आहे. मासा कापायचा, डोकं मुंग्यांना घालायचं. मुंग्या चढल्या तर मासा चांगला. नाही चढल्या तर पुरून टाकायचा. नर्स डार्व्हिल म्हणते, मुंग्यांना त्यातलं काहीही कळत नाही. आणि त्यातलं काहीही कळत नाही हे कॅप्टन गार्नेटनं स्वतः तीस वर्षं गावाला सांगितलं होतं.

डोकं मांजरानं पळवू नये म्हणून वर काहीतरी झाकण लागतं. ते झाकण प्रेस्कोलाचं पातेलं होतं.

तिच्या माशाचं पातेलं! ज्यातल्या माशानं विष चढलं म्हणून गाव सांगत होतं, तेच पातेलं!

ती डोकं पातेल्यात घालून ओसरीवर गेली आणि पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं.

कॅप्टननं आत पाहिलं. मग पंखा पातेल्यावर आडवा धरला.

"मुंग्या चढल्या होत्या, प्रेस्कोला," तो म्हणाला. "भरभरून चढल्या होत्या. मी स्वतः पाहिलं."

"माझं नाव का घेतलंस?"

"पहाटे गळाला आपणहून लागला गं. मी बराकुडासाठी टाकला नव्हता. असा चकाकत होता. तीस वर्षं मी चव..."

"गार्नेट. माझं नाव का घेतलंस?"

"दारात सगळं गाव उभं होतं. नर्स विचारत होती काय खाल्लं. मी काय सांगणार होतो? मी? शपथ कुणी घेतली होती? पोरं माझ्या तोंडावर माझं वाक्य फेकतील."

"आणि मी?"

"तुझं काय." तो खरंच तिला समजावत होता, ते जास्त वाईट होतं. "तुझे डोळे गेलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुला कोण हसणार? चूक झाली म्हणतील, बिचारी म्हणतील, चार दिवसांत विसरतील. मला कुणी बिचारा म्हणणार नाही. तुझं नाव जाऊन जाऊन किती जाणार होतं, सांग ना?"

प्रेस्कोलानं पातेलं त्याच्या मांडीवरून उचललं, मुंग्यांसकट.

"रविवारी," ती म्हणाली. "चर्च सुटल्यावर. घरीच रहा."

*रविवार*

त्या डोक्याचं रविवारपर्यंत काय झालं असेल त्याची कल्पना करू नका. तिनं मीठ भरलं, झाकण ठेवलं, वर फडकं बांधलं. लॅव्हर्न नाक धरून फिरत होती आणि काय आहे ते विचारायची तिची हिंमत नव्हती.

प्रार्थना संपली. लोक पायऱ्या उतरले. आणि पायऱ्यांवरूनच सगळ्यांना दिसलं: प्रेस्कोला स्टॉर कॅप्टनच्या ओसरीवर बसलीय, टोपी घालून, मोजे घालून, आणि तिच्या पुढ्यात दोन भांडी आहेत. एक वाफाळणारं. लिंबाचा आणि गोट मिरचीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. दुसरं निळं, एनॅमलचं, फडक्यात बांधलेलं. माणसं फाटकाशी गोळा झाली. एनॉस तर आतच आला.

प्रेस्कोलानं वाफाळणाऱ्या भांड्यातून वाडगा भरला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. काटे काढत, बोटं चाटत, सावकाश. मग म्हणाली, "गुरगुऱ्या. कोणता ते माहीत नाही. कॅप्टन, तुम्ही घ्या."

"नर्सनं मला मासा बंद केलाय," कॅप्टन म्हणाला.

"माहीत आहे. तर मग खाऊ नका. नुसतं ते दुसरं भांडं उघडा. सगळ्यांना दाखवा मी तुम्हाला काय दिलं होतं."

"प्रेस्कोला, राहू दे."

"मी उघडू का मग?" एनॉस पुढे झाला.

"एनॉस, हात लावू नकोस!" कॅप्टन उठला. खुर्ची मागे पडली. त्यानं फाटकाकडे पाहिलं: नर्स डार्व्हिल होती, लॅव्हर्न होती, त्याचं वाक्य पाठ असलेली पोरं होती. खाई त्याला खवखवे. तो उभ्या उभ्या दंड खाजवत होता.

"मी बराकुडा खाल्ला," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," फाटकाकडून आवाज आला.

"बराकुडा! बराकुडा खाल्ला मी! तिचे मासे शुक्रवारी खाल्ले, ते चांगलेच होते, त्यांनी काही झालं नाही. शनिवारी बराकुडा खाल्ला. झालं समाधान?"

मग एक पोरगा अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "बराकुडा खाणारा माणूस आणि बोट खडकावर घालणारा कप्तान..."

आणि सगळा जमाव, पाद्रीसकट, ओरडला, "दोघं एकाच आईची लेकरं!"

इतकं हसणं थॅच पॉइंटमध्ये पुन्हा होणार नाही. एनॉसला कठड्याला धरून बसावं लागलं. आणि कॅप्टन, ज्याला वाटलं होतं की हसण्यानं तो मरेल, तो मेला नाही. तोही हसू लागला. कुणीतरी त्याची खुर्ची उचलली. कुणीतरी म्हणालं, "तीस वर्षं कळ काढली हो बिचाऱ्यानं!" संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे तीन घरांतून कोंबडीचं सूप गेलं.

प्रेस्कोलाकडे कुणीही गेलं नाही. चुकलं आमचं, म्हणायला एकही माणूस आला नाही. सगळ्यांना वाटलं, मिटलं की आता.

मिटलं?

तिनं बराकुडाचं डोकं स्वतः पुरलं, पातेलं वाळूनं घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, पुन्हा वाळूनं घासलं. घासताना ती जे बोलत होती ते लॅव्हर्ननं ऐकलं आणि ती घराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

*धक्का*

सोमवारी दुपारी पातेली पुन्हा आली. जणू मधे काही झालंच नव्हतं. सगळ्यात पुढे एनॉस.

"आज काय म्हणतायत तुझे गुरगुऱ्ये?"

"तूच ऐक," प्रेस्कोला म्हणाली. "डोळे मीट. हात पुढे कर."

"कशाला?"

"मासा पाहिजे ना? मीट."

एनॉसनं चारही दात दाखवत डोळे मिटले. तिनं त्याच्या हातात मासा ठेवला. मासा गुरगुरला.

"गुरगुऱ्या!"

"कोणता?"

"आँ?"

"पिवळा, निळ्या रेघांचा की पांढरा?"

"पिवळा."

"मागच्यांना विचार."

"शेपूट काळं आहे, एनॉस," मागचे आनंदानं म्हणाले. प्रेस्कोलानं मासा परत घेतला. "बिचारा," ती म्हणाली. "वय झालं. पुढचा."

पुढची ती बाई होती जी म्हणाली होती, पण चुकलात ना, मावशी. तीही चुकली. त्यापुढचा चुकला. एकाचं नशिबानं बरोबर आलं, तर तिनं लगेच दुसरा मासा ठेवला आणि त्यावर तो चुकला. लॅव्हर्ननं डोळे मिटले, मासा धरला, आणि तो तसाच आईच्या हातात परत दिला. त्या दिवशी सगळी पातेली रिकामी गेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कमी माणसं आली आणि चिडून गेली. "म्हातारीचं डोकं फिरलंय," एनॉस म्हणाला, पण बसला तिच्या शेजारीच. पेलिकन जाडजूड झाले.

मग एका दुपारी धक्क्यावर काठीचा आवाज आला. कॅप्टन गार्नेट. हातात स्वतःचं भांडं.

"तुला मासा बंद आहे," प्रेस्कोला न वळता म्हणाली.

"खाणार नाही. शेजारी देईन. पण मी इथून तुझा मासा घेऊन जाताना लोकांनी पाहावं, असं मला वाटतं."

"उशीर झाला त्याला. डोळे मीट."

त्यानं मिटले. काठी कठड्याला टेकवली, हात पुढे केला. तो हात टपालबोटीचं सुकाणू धरणारा हात होता. तिनं त्यावर मासा ठेवला. मासा गुरगुरला.

"गुरगुऱ्या," कॅप्टन म्हणाला.

"कोणता?"

धक्क्यावरच्यांनी गळ तसेच सोडले आणि बघू लागले. कॅप्टननं अंगठा फिरवला. पाठीवरून, शेपटीवरून, तोंडावरून. पुन्हा पाठीवरून. डोळे त्यानं उघडले नाहीत, एवढं त्याचं कबूल करायला हवं.

"ते हातानं कसं कळणार, प्रेस्कोला?"

"मोठ्यानं बोल. एनॉसला कमी ऐकू येतं."

"हातानं नाही कळत!"

"कुणाला?"

"मला!"

"मग त्या दिवशी मलाच का विचारलं? कुणाला नाही कळत, कॅप्टन?"

"कुणालाच कळत नाही!" कॅप्टन ओरडला, टपालबोट धक्क्याला लावताना ओरडायचा तसा, सगळ्या थॅच पॉइंटला ऐकू जाईल असा. "डोळस असो नाहीतर आंधळा, हातानं कुणालाही कळत नाही, आणि त्या दिवशी तिला विचारणारे आम्ही सगळे गाढव होतो!"

लॅव्हर्न किनाऱ्यावर कपडे वाळत घालत होती. ती थांबली.

प्रेस्कोलानं त्याच्या हातातला मासा घेतला आणि त्याच्या भांड्यात टाकला. मग आणखी एक. मग मान न वळवता एनॉसला म्हणाली, "तुझं पातेलं कुठंय? का परीक्षा घेऊ?"

भांड्याच्या तळाशी दोन्ही मासे अजून गुरगुरत होते.